मदत हवी आहे: डब्यापुढची प्रार्थना

जय ख्रिस्त मंडळी. हिंजवडीत नोकरीला लागून तीन महिने झाले. जेवायला आम्ही सहा जण एकाच टेबलावर. घरी प्रार्थनेशिवाय घास घेत नाही. इथे डब्याचं झाकण काढताना डोळे मिटायचीच भीती वाटते. थट्टेची नाही, 'धर्मप्रचार करतोय' असं कुणी म्हणेल याची. बसमध्येच प्रार्थना उरकून पाहिली, पण ते लपवाछपवीसारखं वाटतं. बायबलमधलं स्तोत्र 56:3 (भीती वाटेल तेव्हा देवावर भरवसा ठेवीन, असं ते वचन) तोंडपाठ आहे, नेमकं तेव्हाच आठवत नाही. पाळकसाहेब बायबलमधल्या दानीएलाचं उदाहरण देतात, राजाची बंदी असूनही प्रार्थना करणाऱ्या. पण तो खिडक्या उघड्या ठेवून का होईना, स्वतःच्या घरात होता, कॅन्टीनमध्ये नाही! टेबल बदलायचं नाही, कुणाला उपदेशही करायचा नाही. तुम्ही पहिल्या दिवशी काय केलंत: आधी सांगून टाकलंत, की सरळ डोळे मिटलेत?