भूकंपात यंत्रही हलतंच की! मग मोजतात कशाच्या मानाने?

खिडकीतला (धागाकर्ता)

मंडळी, प्रश्न बाळबोध आहे, हसू नका. काल बातम्यांत परत तेच ऐकलं, "रिश्टर स्केलवर अमुक इतकी तीव्रता", आणि पोराने विचारलं की बाबा हा रिश्टर स्केल दिसतो कसा, वजनकाट्यासारखा असतो का. मी ठोकून दिलं की एक सुई असते, ती हलते आणि कागदावर रेघ उमटते. तर म्हणतो सुई पण हलणार, कागद पण हलणार, टेबल पण हलणार, मग रेघ उमटेल कशी? मी गप. खरंच की राव, जमीनच हलतेय म्हटल्यावर तिच्यावरचं सगळंच बरोबरीने हलणार ना.

आणि दुसरं, हे यंत्र रिश्टरनेच बनवलं का? त्याच्या आधी लोक काय करायचे? चीनमधल्या त्या ड्रॅगनवाल्या भांड्याचं चित्र कुठेतरी बघितल्याचं आठवतंय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

दगडफोड्या

पोरगं हुशार आहे हो तुमचं. अख्ख्या एकोणिसाव्या शतकात या क्षेत्रातल्या लोकांनी डोकं फोडलंय ते याच प्रश्नावर.

आधी एक करून बघा. हातभर दोरीला किल्ल्यांचा जड जुडगा बांधा, दोरीचं वरचं टोक हातात धरा आणि हात झटकन डावीउजवीकडे हलवा, अगदी पटापट. जुडगा जवळजवळ जागच्या जागी राहतो! हात म्हणजे जमीन आणि जुडगा म्हणजे तुम्ही शोधताय ती स्थिर वस्तू. जुडग्याला पेन लावलं आणि खाली हाताबरोबर हलणारा कागद धरला की रेघ आलीच. म्हणजे बाबांनी पोराला उलटं सांगितलं, सुई थांबते आणि कागद हलतो :)

आता तोच हात अगदी सावकाश हलवा. जुडगा गुपचूप हाताच्या मागे जातो, बोंबललं सगळं. खरी गोम इथे आहे. लांबच्या भूकंपाच्या लाटा संथ असतात, एकेक हेलकावा १५-२० सेकंदांचा, आणि त्या पकडायच्या तर लंबकाचा स्वतःचा झोका त्याहून सावकाश हवा. २० सेकंदांचा झोका म्हणजे साध्या लंबकाची दोरी जवळपास १०० मीटर लांब, कुठे टांगणार?

यावरची युक्ती म्हणजे आडवा लंबक. फाटकाच्या बिजागऱ्या अगदी ओळंब्यात नसल्या, किंचित कलत्या असल्या, की फाटक आपोआप हळूहळू झुलत एका जागी येऊन थांबतं, बघितलं असेल. कल जितका कमी तितका झोका सावकाश. तीच कल्पना वापरून हातभर लांबीच्या दांड्यात काम भागवलं. तोकियोत शिकवायला गेलेले तीन ब्रिटिश, जॉन मिल्न, जेम्स युइंग आणि थॉमस ग्रे, यांनी १८८० च्या आसपास अशी यंत्रं जमवली. त्याच वर्षी फेब्रुवारीत योकोहामाला धक्का बसला आणि मिल्नने लगेच भूकंपाच्या अभ्यासासाठी संस्थाच काढली. एखादा मास्तर असतो तसला माणूस, गप्प बसवत नाही.

अजून एक भानगड राहिली. लंबकाला एकदा झोका मिळाला की तो झुलतच राहतो, मग कागदावर उमटतं ते जमिनीचं हलणं नसतं, लंबकाचाच नाच असतो. जर्मनीत गॉटिंगेनला एमिल विखर्टने हवेचा दट्ट्या लावून ते झुलणं आवरलं. त्याच्या यंत्रात वजन किती, तर १००० किलो! आणि खाली काजळी धरलेला कागद, त्यावर बारीक टोकाने ओरखडा. वजन एवढं का, तर तेवढ्याशा टोकाचं कागदाशी होणारं घर्षणही आड येतं म्हणून. त्या मानाने रिश्टरचं काम म्हणजे... ते पुढे कोणीतरी सांगेल, माझी बोटं दुखली.

शंकासुरी

ड्रॅगनवाल्या भांड्याबद्दल लिहिते. झांग हेंग, इ. स. १३२. आठ दिशांना आठ ड्रॅगन, तोंडात गोळा, खाली तोंड वासून बसलेले बेडूक. धक्का आला की एक गोळा पडणार. वर्णन जुन्या चिनी इतिहासग्रंथात आहे पण मूळ भांडं काही उरलेलं नाही, आपण फोटोत बघतो ती सगळी मॉडेल्स त्या वर्णनावरून खूप नंतर बनवलेली (त्यातलं एक चित्र वर आलेल्या मिल्ननेच काढलंय). आत नेमकं काय होतं यावर अजून वाद घालतात लोक. त्यामुळे "जगातला पहिला सिस्मोग्राफ" (भूकंपाची रेघ काढणारं यंत्र) वगैरे जे फिरतं ना त्याच्याशी मी सहमत नाही. गोळा पडला म्हणजे हललं एवढंच कळलं, किती आणि किती वेळ हे नाही कळत.

अवांतर: माझा आवडता माणूस रॉबर्ट मॅलेट, आयरिश इंजिनियर. भूकंपाची वाट कुठे बघत बसायची म्हणून १८४९ मध्ये पठ्ठ्याने डब्लिनजवळ किलिनीच्या किनाऱ्यावर वाळूत गनपावडर पुरून उडवली आणि लांब पाऱ्याची वाटी ठेवून त्यातलं प्रतिबिंब कधी थरथरतं ते बघत बसला. वाळूतून लाट सेकंदाला सुमारे २५० मीटरने आली, त्याच्या अंदाजापेक्षा कितीतरी हळू. सिस्मॉलॉजी (भूकंपशास्त्र) हा शब्दही त्याचाच.

पाश्विट्झप्रेमी

रेबोर-पाश्विट्झला विसरलात सगळे! या जर्मन माणसाला भूकंपाशी काही देणंघेणंच नव्हतं, तो चंद्रसूर्याच्या ओढीने जमीन किती कलते ते बघायला आडवे लंबक लावून बसला होता. १७ एप्रिल १८८९ ला पॉट्सडाम आणि विल्हेल्म्सहाफेन दोन्हीकडच्या रेघा एकाएकी पिसाटल्या, कारण काही लागेना. मग नंतर 'नेचर' हे विज्ञानाचं नियतकालिक चाळताना त्याच दिवशी जपानमध्ये भूकंप झाल्याचं वाचलं आणि डोक्यात दिवा पेटला. पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाचा धक्का युरोपात मोजता येतो हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. सहाच वर्षांनी क्षयाने गेला, वय जेमतेम चौतीस.

आणि आपल्याकडचा भाग कोणीच कसा नाही लिहिला? १२ जून १८९७ चा आसामचा महाभूकंप. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या रिचर्ड ओल्डहॅमने त्याचा जाडजूड रिपोर्ट लिहिला, युरोपातल्या यंत्रांवर उमटलेल्या त्याच्या रेघा ताडून बघितल्या आणि पहिल्यांदा तीन प्रकारच्या लाटा वेगळ्या करून दाखवल्या, आधी पी (खडक दाबत-ताणत येणाऱ्या), मग एस (खडक आडवा हलवत येणाऱ्या), मग पृष्ठभागावरून येणाऱ्या. १९०६ मध्ये त्यानेच पृथ्वीला गाभा आहे हे मांडलं. पुढे १९३६ ला डेन्मार्कच्या इंगे लेहमानबाईंनी त्या गाभ्याच्या आत आणखी एक गाभा काढला, न्यूझीलंडच्या १९२९ च्या भूकंपाच्या नोंदी घेऊन. कॉम्प्युटर कुठला तेव्हा, पुठ्ठ्याची कार्डं आणि ती ठेवायला ओटमीलचे रिकामे डबे. १०४ वर्षं जगल्या बाई.

लॉगटेबल

वरच्या सगळ्यांना +१. आता रिश्टर.

रिश्टर स्केल नावाचं यंत्र नाहीच, ती नुसती मोजपट्टी आहे. यंत्र होतं वुड आणि अँडरसनचं: ताणलेल्या तारेला चिकटवलेला तांब्याचा इवलासा तुकडा, त्यावर आरसा, आणि आरशातून परतलेला प्रकाशाचा ठिपका फोटोच्या कागदावर. कॅलिफोर्नियात अशी बरीच होती आणि तिथल्या भूकंपशास्त्रज्ञ रिश्टरपुढे रोजच्या धक्क्यांचा ढीग पडायचा. आकडे एवढे लहानमोठे की एका आलेखात मावेनात, तेव्हा त्याचा सहकारी गुटेनबर्गने सुचवलं की लॉग घे, म्हणजे रेघ दसपट झाली की आकडा एकानेच वाढेल. या आकड्याला मॅग्निट्यूड हा शब्द त्या यंत्रवाल्या हॅरी वुडनेच सुचवला, ताऱ्यांच्या तेजावरून, आणि अंतराप्रमाणे रेघ कशी लहान होते ते मांडायची कल्पना जपानचा भूकंपशास्त्रज्ञ वादाती याच्याकडून आली. म्हणजे १९३५ च्या त्या कामात बऱ्याच जणांचा हात होता पण नाव लागलं एकट्याचं, हे मला कायम खटकतं.

व्याख्या अशी: १०० किमीवरच्या त्या यंत्रावर १ मिमीची रेघ आली तर मॅग्निट्यूड ३, १ सेंमी आली तर ४. रेघ दसपट, पण ऊर्जा साधारण ३२ पट.

आता गंमत बघा, मोठ्या भूकंपांना ही पट्टी पुरत नाही, आणि तिच्यानंतर गुटेनबर्गने पृष्ठलाटांवरून केलेली पट्टीसुद्धा. १९०६ चा सॅन फ्रान्सिस्को आणि १९६० चा चिली, दोन्ही त्या दुसऱ्या पट्टीवर सव्वाआठ-साडेआठच्या घरात येतात. १९७९ मध्ये हँक्स आणि कानामोरी या भूकंपशास्त्रज्ञांनी जमिनीतल्या ज्या भेगेवर भूकंप होतो तिचं क्षेत्रफळ, ती किती सरकली आणि खडक किती ताठ यावरून नवी पट्टी दिली, तिच्यावर सॅन फ्रान्सिस्को ७.९ आणि चिली ९.५. म्हणजे ऊर्जेत अडीचशे पट फरक, आणि जुन्या पट्टीवर दोघं शेजारी शेजारी! हल्ली मोठ्या भूकंपाचा आकडा येतो तो याच पट्टीचा, बातम्यावाले सवयीने रिश्टर म्हणतात. आणि "तीव्रता" पण चूक, तीव्रता म्हणजे तुमच्या गावात किती हललं, ती मर्काली पट्टीवर (लोकांना काय जाणवलं, घरांचं काय झालं यावरून), गावागणिक वेगळी. मॅग्निट्यूड अख्ख्या भूकंपाचा एकच.

खिडकीतला

बाबौ, एवढं येईल वाटलं नव्हतं. किल्ल्यांचा प्रयोग केला, पटापट हलवल्यावर जुडगा खरंच थांबतो, पोराने मग अर्धा तास मला सोडलं नाही. आता विचारतोय की शून्य मॅग्निट्यूड म्हणजे भूकंप झालाच नाही का?

लॉगटेबल

नाही, झालेला असतो. लॉग आहे ना. १०० किमीवर रेघ मिलिमीटरचा हजारावा भाग आली तर शून्य. रिश्टरने शून्य मुद्दाम एवढं खाली ठेवलं की उणे आकडे येऊ नयेत, पण आताची यंत्रं इतकी नाजूक आहेत की उणे एकचे धक्केही रोज नोंदवले जातात.