मदत हवी आहे : मुलाचे पोट तीन महिन्यांपासून दुखते, रिपोर्ट मात्र नॉर्मल

निशिगंधा : माझ्या मुलाचे पोट गेले तीन महिने दुखते आहे. जंतांचे औषध तीनदा देऊन झाले. सोनोग्राफीत पोटातल्या लसिकाग्रंथींच्या गाठी किंचित मोठ्या दिसल्या, पण काळजीचे कारण नाही असे सांगून डॉक्टरांनी परत पाठवले. आता दुसरे डॉक्टर आयबीएस (इरिटेबल बाऊल सिंड्रोम, म्हणजे आतडी हळवी होण्याचा विकार) असेल म्हणतात. मुलांना हा विकार होतो का आणि त्यावर कोणते औषध चालते, एवढेच कृपया लवकर सांगावे. सहामाही परीक्षा तोंडावर आली आहे.

उजनीकाठ : वय, वजन, शौचाचे स्वरूप, यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही. शौचानंतर दुखणे थांबते का? रात्री दुखण्याने जाग येते का? रक्त, ताप, वारंवार उलट्या, सांधेदुखी? हे कळल्याशिवाय औषधाचे नाव सांगणे योग्य नव्हे.

बाळीवेसची आजी : बेंबी सरकली असणार. माझ्या तिन्ही नातवंडांची बेंबी मी पोटावर पणती ठेवून, वर तांब्या पालथा घालून बसवली आहे.

उजनीकाठ : आजी, ओवा चावायला दिलात तर माझी हरकत नाही, पण लेकराच्या पोटावर जळती पणती नको. शिवाय दुखणे अपेंडिक्सचे निघाले, तर या उपायांत मोलाचा वेळ जातो.

निशिगंधा : वय दहा, वजन एकतीस किलो, ते कमी झालेले नाही. रक्त नाही, ताप नाही, रात्री शांत झोपतो. जूनमध्ये जुलाब आणि ताप झाला होता, तेव्हापासून हे चालू आहे. सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता तो पायरीवरच पोट धरून वाकतो, कपाळावर घाम येतो, आणि बाहेर रिक्षावाले काका हॉर्न वाजवत राहतात. तीनदा शौचाला जाऊन आला की बरे वाटते. रविवारी त्रास कमी असतो, म्हणून त्याचे वडील याला शाळा बुडवण्याचे नाटक म्हणतात.

सेवानिवृत्त : मला वीस वर्षे आम्लपित्त होते. रात्रीचा चहा सोडल्यावर ते गेले.

होटगी रोड : माझ्या मुलीचा गहू बंद केला आणि महिन्यात फरक पडला. आपण ज्वारीची कडक भाकरी खाणारी माणसे, आपल्याला ते अवघड नाही.

उजनीकाठ : ताई, आपल्या मुलीला बरे वाटले याचा आनंद आहे, पण तपासणीआधी गहू बंद करणे चूक ठरते. सीलिअ‍ॅक या, गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणाऱ्या, आजाराची रक्ततपासणी रोजच्या आहारात गहू असतानाच खरी येते. तो सोडलेला असेल तर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो.

निशिगंधाताई, मी बालरुग्ण विभागात परिचारिका आहे. आयबीएस मुलांनाही होतो. महिन्यातून किमान ४ दिवस, असे कमीत कमी २ महिने पोट दुखणे, त्याचा शौचाशी किंवा शौचाच्या बदललेल्या वेळांशी व स्वरूपाशी संबंध असणे, आणि तपासून दुसरे कारण न सापडणे, असे पोटाच्या अशा विकारांचे निदान करण्यासाठी तज्ज्ञांनी ठरवलेले २०१६ चे रोम निकष सांगतात. जुलाबाच्या संसर्गानंतर तो सुरू होणेही नवे नाही. रक्ताची साधी तपासणी, सीलिअ‍ॅकची तपासणी, आणि आतड्याला सूज आहे का हे पाहण्यासाठी शौचातील कॅल्प्रोटेक्टिन, याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारा. सोनोग्राफीतल्या तशा गाठी पुष्कळ निरोगी मुलांतही दिसतात. आणि त्याच्या वडिलांना कृपया सांगा की हे नाटक नाही. या विकारात आतड्याच्या नसा हळव्या होतात, ताणाने कळ वाढते, पण कळ खरीच असते. औषधापेक्षा ठरल्या वेळी जेवण, पुरेशी झोप, न रागावता शाळेत पाठवणे आणि गरज पडल्यास समुपदेशन यांचा उपयोग अधिक होतो. शाळेच्या स्वच्छतागृहात तो जातो का, हेही विचारून पाहा.

होटगी रोड : मला हे कोणीच सांगितले नव्हते. मुलीची तपासणी राहूनच गेली.

उजनीकाठ : अजूनही होईल. गहू पुन्हा रोज, एकाहून अधिक वेळच्या जेवणात, किमान सहा आठवडे खाल्ल्यावर ती करतात. मात्र आधी तिच्या डॉक्टरांशी बोला.

निशिगंधा : आज विचारले. बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, शाळेतल्या स्वच्छतागृहाच्या दाराची कडी तुटली आहे आणि मुले बाहेरून दार ढकलतात. शाळेत शौचाला जावेच लागू नये म्हणून तो घरातून निघण्याआधी तीन-तीनदा बसतो. उद्या मी आणि त्याचे वडील वर्गशिक्षिकांना भेटणार आहोत.