शब्दचर्चा: ‘कन्झर्व्ह्ड’ प्रोटीनला मराठीत काय म्हणता?

रानजाई: पशुपालकांसाठी लंपीवरचं, म्हणजे गाईगुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या रोगावरचं, एक छोटं माहितीपत्रक मराठीत करतेय, एका वाक्यापाशी अडलेय. २०२२ला आपल्याकडे गाईबैलांना शेळीच्या देवीची लस टोचली, ती का चालते हे सांगायचंय. मूळ मजकूर म्हणतो की लंपी, मेंढीची देवी आणि शेळीची देवी यांचे व्हायरस एकाच कुळातले, कॅप्रीपॉक्स, आणि त्यांची बहुतेक प्रोटीनं ‘कन्झर्व्ह्ड’ आहेत. मी लिहिलं ‘संरक्षित प्रथिने’. काकांना वाचायला दिलं, त्यांचा गोठा आहे, तर ते म्हणाले व्हायरसच संरक्षित आहे तर मग लस टोचून काय उपयोग? पटलं मला. ज्याच्यासाठी लिहितोय त्याला उलटाच अर्थ लागत असेल तर शब्द बाद. दुसरा सुचवा.

बांधावरचा: सामाईक. सातबारा बघणाऱ्या माणसाला सामाईक विहीर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. ‘तिन्ही व्हायरसांची बरीच प्रथिनं सामाईक आहेत, म्हणून एकाची लस दुसऱ्याला लागू पडते.’ झालं काम.

पेशीजाल: सामाईकने अर्थ सुटतो. मी जनावरांच्या रोगनिदानात काम करते म्हणून जरा लांबण लावते. या तिघांचा डीएनए साधारण दीड लाख अक्षरांचा आणि त्यातला जवळजवळ ९७ टक्के सारखा. पूर्वज एक, आणि तिथून आलेलं फारसं न बदलता टिकलं, हे ‘टिकणं’ म्हणजे कन्झर्व्ह्ड. व्हायरसच्या आवरणातलं पी३२ घ्या, तिघांतही जवळपास तेच, जनावराचं शरीर ते चटकन ओळखतं. आता उलटं उदाहरण. लंपीच्या व्हायरसात १५६ जीन्स, त्यातली नऊ मेंढी-शेळीच्या व्हायरसांत मोडक्या अवस्थेत आहेत. त्यातल्या एकापासून इंटरल्यूकिन-१च्या रिसेप्टरसारखं प्रोटीन बनतं, म्हणजे गाईच्या शरीरात दाह सुरू करणारा निरोप मधेच अडवायची सोय. असली जीन्स व्हायरसांनी कधीतरी प्राण्यांकडूनच उचलली असं मानतात. मग ते प्रोटीन गाईशी ‘सामाईक’ म्हणणार का? सारखं असणं वेगळं आणि कुळात टिकून राहणं वेगळं.

चकवा: समजात म्हणा की. शाळेत समजातीय श्रेणी शिकलोच आपण सगळे. आणि प्रोटीन प्रोटीन काय लावलंय, प्रथिन हा इतका छान रुळलेला शब्द आहे, ग्रीक मुळात ‘पहिला’ असा अर्थ आहे आणि आपल्याकडे तो प्रथमशी जुळवून घेतलाय असं मला वाटतं. असे शब्द वापरले नाहीत तर मरतात.

बांधावरचा: प्रथिन म्हटलं की लोकांना कडधान्य आणि पेंड आठवते हो. व्हायरसमध्ये प्रथिन म्हटल्यावर तो पौष्टिक वाटायचा. प्रोटीन तरी औषधाच्या दुकानातला शब्द आहे.

पेशीजाल: समजात म्हणजे होमोलॉगस, ते फक्त मूळ एक असल्याचं सांगतं, किती बदललं ते नाही सांगत. मेंढीच्या व्हायरसातलं आरपीओ३० हे जीन समजातच आहे पण त्यात २१ अक्षरं गळालेली, म्हणजे सात अमिनो आम्लं कमी. पीसीआरमध्ये मेंढीचा व्हायरस वेगळा काढायला याच फरकाचा उपयोग होतो. रक्तातल्या अँटिबॉडीवरून तिघांतला कोण ते कळत नाही, इतकी बाकीची प्रोटीनं सारखी.

जुनीपाटी: मला वेगळीच शंका आहे. ‘शेळीची देवी’ असं छापलंत तर म्हाताऱ्या माणसांना माणसांची देवीच आठवणार. आमच्या आजीच्या दंडावर देवी काढल्याचा वण होता, ती लस टोचणे कधी म्हणायचीच नाही, देवी काढणे म्हणायची. तशी लस म्हणजे मुळात जखमेतून पाझरते ती. आणि इंग्रजी व्हॅक्सिनच्या मुळाशी लॅटिन गाय आहे, १७९६ला जेन्नरने गाईच्या देवीतली लसच टोचली होती, तेव्हाही कामाला आली ती दोन व्हायरसांतली सारखी प्रोटीनंच.

पेशीजाल: बरोबर, पण माणसाची देवी त्याच मोठ्या घराण्याच्या दुसऱ्या शाखेतली, ऑर्थोपॉक्स. लंपी माणसाला होत नाही हे पत्रकात ठळक घ्याच, दुधाबद्दलच्या अफवांनी लोकांचं फार नुकसान झालं.

रानजाई: घेतलंय, पहिल्याच पानावर. आणि हिसार-इज्जतनगरच्या पशुसंशोधन संस्थांनी २०२२ला लंपीच्याच व्हायरसापासून लस तयार केली तेही घेतलंय. सध्या ‘पिढ्यान्‌पिढ्या फारशी न बदललेली प्रोटीनं’ असं सरळ लिहून ठेवते, एका शब्दाचे चार झाले तरी काकांना कळतंय.

चकवा: चार शब्द म्हणजे परिभाषा नव्हे, स्पष्टीकरण झालं. ‘अविकारी’ बघा. आणि लंपी हा शब्द तरी का? ‘गाठींचा रोग’ म्हणा.

जुनीपाटी: गाठीचा ताप म्हणजे प्लेग! त्यालाच ग्रंथिक सन्निपात म्हणायचे. ते नको.

बांधावरचा: लंपीला हात लावू नका, गावोगाव रुळलाय. फक्त एक सांगा, आमच्याकडे ‘लंपी आला’ म्हणतात, रोग म्हणून. पाहुण्यांच्या गावात ‘लंपी आली’ ऐकलं. पत्रकात काय धरलंय?

रानजाई: दोन्ही झालंय. दुसऱ्या पानावर आला, तिसऱ्यावर आली. तुमच्या भागात काय म्हणतात ते लिहा, तालुक्यासकट.

पेशीजाल: आमच्याकडे आला. पण मेंढ्यांना देवी मात्र ‘आली’च.