तांबीने वांझपण येतं म्हणे!

निशिगंध: कालच्या धाग्यात एकीने ठोकून दिलंय, 'पहिलं मूल होईपर्यंत तांबी नको, पिशवीला सूज येऊन वांझपण येतं.' अहो, संसर्गाचा धोका वाढतो तो बसवल्यावरचे जेमतेम 20 दिवस, तोही मुख्यतः क्लॅमिडिया किंवा गोनोरिया हे लैंगिक संसर्ग आधीच अंगात असतील तर. तांबी काढली की लगेच दिवस राहू शकतात. उशीर होतो तो संततिनियमनाच्या तीनमाही इंजेक्शनाने, शेवटच्या टोच्यापासून सरासरी 10 महिने. त्यावर मात्र सगळे चिडीचूप!

खडूस: वांझपण राहू द्या. टी 380 ए ने, म्हणजे तांब्याच्या कॉपर-टीने, पाळी जास्त जाते आणि पोटही दुखतं. हिमोग्लोबिन आधीच कमी असलेल्या बाईला हे सुचवायचं?

निशिगंध: मग हार्मोनवाली आहे, 52 मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल. पाळी उलट कमी होते. पहिले 3 ते 6 महिने मधेच डाग पडतात, ते आधी सांगत नाहीत आणि बाई घाबरून काढायला येते.

तिरपागडी: तांबीला कशाला बोल लावता, हात बसवणाऱ्याचा चुकतो. पिशवी पुढे झुकलीय की मागे हे आधी हाताने बघायचं, वल्सेलमने (मुख पकडायचा चिमटा) पिशवीचं मुख ओढून ती सरळ करायची, मग साउंडने (मोजायची सळई) खोली मोजायची. तांबीचे हात बसवायच्या नळीत 5 मिनिटांपेक्षा जास्त दुमडून ठेवले तर आत नीट उघडत नाहीत. आणि नळीतली दांडी स्थिर धरून नळी मागे घ्यायची! दांडी पुढे ढकलणारे महाभाग आहेत, तिथेच पिशवीला भोक पडतं.

खडूस: म्हणजे भोक पडतंच ना?

तिरपागडी: साधारण हजारात एखादीला. अंगावर पाजत असेल तर जास्त.

अंजन: तांबीच्या शेपटीच्या दोऱ्याचं कुणीच बोलत नाही! मुखाबाहेर 3 सेंमी ठेवा. फार आखूड कापला की ताठ टोक नवऱ्याला टोचतं. आणि दोरा लागला नाही म्हणजे तांबी पडली असं नसतं. आधी गरोदरपणाची तपासणी, मग सोनोग्राफी, तिथेही नाही दिसली तर पोटाचा एक्स-रे.

खडूस: दोरा पुरे! वल्सेलम लावताना बाई कळवळते, त्याचं काय? लिग्नोकेनची भूल द्यायला हात का आखडतो? म्हणे 'थोडंसं दुखेल'.

तिरपागडी: हे मात्र मान्य. नाइलाजाने.

निशिगंध: एवढी भीती असेल तर दंडात इम्प्लांट, म्हणजे हार्मोनची कांडी, बसवा. 4 सेंमीची, 3 वर्षं बिनघोर. फक्त कातडीच्या लगेच खाली हवी; स्नायूत गेली की काढताना शोधाशोध.

खडूस: बिनघोर? टीबीचं औषध रिफाम्पिसिन चालू असेल तर इम्प्लांटचा भरवसा नाही. तिथे तांबीच बरी, ओटीपोटात टीबी नसेल तर. घ्या, तुमच्या तांबीच्या बाजूने एक वाक्य लिहिलं. रोज मागू नका.