ट्री स्टँड किती उंचीवर बांधावा? (दक्षिण मिशिगन, धनुष्य, व्हाइटटेल हरीण)

ओक_आणि_मका

दक्षिण-पश्चिम मिशिगनमध्ये एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या ४० एकर रानात ट्री स्टँड (झाडावर बसून शिकार करायचं छोटं मचाण) बांधायची परवानगी मिळाली आहे. पूर्वेला मक्याचं शेत, पश्चिमेला ओढा, मधे ओकची राई. हरणांची पायवाट शेतापासून साधारण ६० यार्ड आत, शेताला समांतर जाते. बांधण्याजोगी झाडं दोन. एक व्हाइट ओक, छातीच्या उंचीवर १८ इंच जाड, १४ फुटांवर दोन फांद्यांत फुटलेला. दुसरं ट्युलिप पॉपलर, सरळसोट, २५ फुटांपर्यंत एक फांदी नाही. ओकपासून वाट १८ यार्ड, पॉपलरपासून ११ यार्ड.

सामान: हँग-ऑन स्टँड (खोडाला पट्ट्याने टांगायचा), ३२ इंची ४ स्टिक्स (खोडाला बांधायचे शिडीचे तुकडे), कंपाउंड धनुष्य (कप्प्या असलेलं). २५ यार्डांपलीकडे बाण सोडणार नाही. शिकार ऑक्टोबरपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. कोणी १५ फूट सांगतं, कोणी २५ च्या खाली बसूच नका म्हणतं. नक्की किती?

तिरकस_बाण

आधी आकडे बघा, मग मत बनवा. पाय २० फुटांवर असले तरी उभं राहिल्यावर बाण त्याच्या वर सुमारे ५ फूट असतो आणि हरणाची छाती जमिनीपासून अडीच फूट. म्हणजे खरा फरक साडेबावीस फूट. त्यावरून खाली जाणारा कोन:

१५ फुटी स्टँड: २० यार्डांवर १६ अंश, १० यार्डांवर ३०, ५ यार्डांवर ४९.
२० फुटी स्टँड: २१ अंश, ३७ अंश, ५६ अंश.
२५ फुटी स्टँड: २५ अंश, ४३ अंश, ६१ अंश.

२० यार्डांच्या रकान्यात १५ फूट आणि २५ फूट यांत जेमतेम ९ अंशांचा फरक आहे. खरा घोळ जवळच्या हरणात. त्यामुळे उंचीच्या आधी विचारायचा प्रश्न म्हणजे वाट झाडापासून किती दूर आहे. तुमच्या पॉपलरपासून ती ११ यार्ड, तिथे २५ फुटांवर चढलात तर ४० अंशांच्या आसपास बाण सोडावा लागेल. ओकवरून १८ यार्ड, तिथे २० फुटांनीही काही बिघडत नाही.

तीव्र कोन वाईट का, ते नीट समजून घ्या. आडव्या बाणाला दोन्ही फुप्फुसं एका रेषेत मिळतात. वरून येणारा बाण जवळच्या फुप्फुसाच्या माथ्यातून शिरतो आणि छातीच्या तळाशी निघतो, दूरचं फुप्फुस हुकतं. एकाच फुप्फुसाला लागलेलं हरीण फार दूर जातं, बऱ्याचदा सापडतही नाही. त्यात बाण आरपार गेला नाही तर भोक फक्त वरच्या बाजूला राहतं, रक्त छातीतच साठतं आणि जमिनीवर माग मिळत नाही. म्हणून वरून नेम धरताना बाण कुठे लागणार एवढंच बघू नका, पलीकडून कुठे निघणार ते बघा. पलीकडच्या पुढच्या पायामागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागातून तो निघायला हवा. त्या जागेवरून रेष उलटी वर आणली की प्रवेशाची जागा आपोआप थोडी वर सरकते. हरीण थेट झाडाखाली आलं तर थांबा, ८-१० यार्ड पुढे जाऊ द्या.

अंतराचा बाऊ मात्र करू नका. २० फुटांवरून २० यार्डांवरचं हरीण रेंजफाइंडरमध्ये (अंतर मोजायच्या यंत्रात) २१.४ यार्ड दिसेल, १० यार्डांवरचं १२.५. नेम नेहमी आडव्या अंतराचा. कोन भरून काढणारा रेंजफाइंडर असेल तर तो हेच आडवं अंतर दाखवतो. नसेल तर स्टँडवर बसून समोरच्या झाडांची अंतरं डोळ्याच्या पातळीवर मोजा, खोडांच्या बुंध्यावर नको.

रानवाट

वरचं सगळं बरोबर, पण उंची ठरवणारी गोष्ट कोन नसून पाठ आहे. तुमच्या मागे काय आहे? खोड तुमच्यापेक्षा जाड असेल, मागे फांद्या किंवा दुसरी झाडं असतील तर १५ फूटही चालतात. मागे उघडं आकाश असेल तर २५ फुटांवरही काळी आकृती हरणाला दिसते. धनुष्य ओढताना कोपर हलला की खेळ संपला. हरणाला शिकाऱ्याच्या कपड्यांचा नारिंगी रंग फारसा कळत नाही, पण हालचाल लगेच कळते.

म्हणून पॉपलर मला आवडत नाही. सरळ, नागडं खोड. त्यावर २५ फूट चढलात तर खांबावर बसलेल्या घारीसारखे दिसाल. ओक १४ फुटांवर फुटतो, हे उलट सोयीचं आहे. त्या बेचक्याच्या वर ३-४ फुटांवर पाय ठेवलेत तर दोन्ही फांद्या पाठीमागे आणि बाजूला येतात.

आणखी एक. ऑक्टोबरच्या सुरुवातीला जे झाड हिरवं छत वाटतं ते नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात उघडं पडतं, आणि नेमके त्याच दिवसांत नर माद्यांमागे फिरायला लागतात. तरुण ओक आणि बीच वाळकी पानं हिवाळाभर धरून ठेवतात, पॉपलर नाही. झाड निवडताना पानं नसतील असं समजून निवडा.

ओक_आणि_मका

म्हणजे ओकवर १७-१८ फूट. ४ स्टिक्समध्ये एवढं होईल का? दुकानात २० फूट होतात असं सांगितलं.

गाठ_मारा

दुकानदार सगळ्यांनाच २० सांगतो. हिशेब करा. पहिली स्टिक जमिनीपासून २ फूट वर. ४ स्टिक्स × ३२ इंच म्हणजे १० फूट ८ इंच. मधल्या तीन फटी प्रत्येकी १८ ते २० इंच, म्हणजे साधारण ५ फूट. बेरीज साडेसतरा. शेवटच्या स्टिकचा माथा प्लॅटफॉर्मच्या वर राहायला हवा, कारण स्टँडवर नेहमी खाली पाऊल टाकून उतरायचं, वर चढून जायचं नाही. तेव्हा प्लॅटफॉर्म १६ ते १७ फुटांवर. याहून वर जायचं तर पाचवी स्टिक घ्या. फटी वाढवून २० गाठायला गेलात की पहाटेच्या अंधारात, जाड बुटांत, गुडघा छातीपर्यंत उचलावा लागतो. आणि माणसं बहुतेक पडतात ती चढताना, उतरताना आणि स्टिकवरून स्टँडवर पाय टाकताना.

उंची डोळ्यांनी मोजू नका. वरून खाली बघताना १४ फूटसुद्धा २० वाटतात. सामान ओढायच्या दोरीला दर ५ फुटांवर रंगीत चिकटपट्टी लावा, खाली सोडा, बघा.

आता ज्याच्यासाठी खरं लिहायला बसलो ते. उंची १० फूट असो की ३०, क्रम हाच:

पूर्ण अंगाचा हार्नेस जमिनीवरच घालायचा. पहिल्यांदा बांधताना लाइनमनचा पट्टा (हार्नेसला कमरेशी जोडलेला) खोडाभोवती, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. स्टँड बसला की त्याच्या वर, उभं राहिल्यावर डोक्याच्या उंचीला किंवा थोडी वर, लाइफलाइन (जमिनीपर्यंत येणारी सुरक्षा दोरी) बांधायची आणि तिचं खालचं टोक बुंध्याला. त्यानंतरच्या प्रत्येक फेरीत पाय जमिनीवर असतानाच हार्नेस लाइफलाइनच्या प्रुसिक गाठीला (हाताने सरकते, पण वजन पडलं की आवळते) अडकवायचा आणि गाठ वर सरकवत चढायचं. गाठ कायम डोक्याच्या वर. ती कमरेशी राहिली तर पडताना आधी तेवढा झोल संपतो, मग जोरात झटका बसतो. स्टँडवर बसल्यावर हार्नेसपासून गाठीपर्यंतचा पट्टा जेमतेम ताणलेला हवा, मांडीवर लोंबकळणारा नको.

पाय ठेवायचा लूप खिशात ठेवा. हार्नेसमध्ये लटकत राहिलात तर मांड्यांच्या पट्ट्यांनी पायांतलं रक्त अडतं आणि माणूस थोड्या वेळात बेशुद्ध होऊ शकतो. लूपवर पाय देऊन वजन हलवता येतं. फोन छातीच्या खिशात, पिशवीत नको, पिशवी वर टांगलेली असते.

धनुष्य दोरीनेच वर ओढायचं, बाण भात्यात झाकलेले. बंदूक असेल तर रिकामी, नळी खाली.

धुकं_ओढ्याचं

वाऱ्याबद्दल कोणीच बोललं नाही. उंच बसलं की वास वरून निघून जातो असं धरून लोक २५-३० फूट चढतात. ते अर्धच खरं. ऊन पडून जमीन तापली की हवा वर उचलते आणि वासही वर जातो, तेव्हा उंचीचा फायदा मिळतो. संध्याकाळी हवा थंड होऊन खाली बसते आणि उताराने ओढ्याकडे वाहते. तुमचा ओढा पश्चिमेला आहे, म्हणजे सूर्यास्ताच्या आधीचा तास दीड तास तुमचा वास सरळ तिकडे घरंगळणार. हरणं ओढ्याकडून मक्याकडे येत असतील तर संध्याकाळी ती तुमच्या वासातूनच चालत येतील, मग १७ फूट काय आणि २७ काय.

पावडरची छोटी बाटली ठेवा आणि वरून फुंकर सोडून बघा, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. कदाचित हा स्टँड फक्त सकाळचा ठरेल. तसं असेल तर संध्याकाळसाठी मक्याच्या कडेला वेगळी जागा बघा.

जमीन ओढ्याकडे उतरती आहे का? असेल तर चढाच्या बाजूचं हरीण हिशेबात धरा. २० अंशांच्या चढावर २० यार्ड वरचं हरीण २२ फूट उंचावर उभं असतं, म्हणजे तुमच्या डोळ्यांत डोळे घालून.

ओक_आणि_मका

उतार आहे, पण सौम्य. वाट चढाच्या बाजूलाच आहे हे मात्र लक्षात आलं नव्हतं. क्रॉसबो (बंदुकीसारखा धरून घोडा दाबायचं आडवं धनुष्य) घेतला तर उंचीत फरक पडतो का?

तिरकस_बाण

क्रॉसबोला कोन तोच, पण अडचण वेगळी. हातपाय पसरल्यासारख्या त्याच्या भुजा आडव्या असतात, तेव्हा सुटताना त्या रेलिंगला, फांदीला किंवा खोडाला आपटता कामा नयेत. तीव्र कोनात खाली रोखलं की पुढचं रकाब (ओढताना पाय ठेवायची कडी) रेलिंगला अडतं. हँग-ऑनला रेलिंग नसतं, पण तुमच्या बेचक्याच्या फांद्या आहेत, आधी रिकाम्या हाताने फिरवून बघा. बंदुकीला १२-१५ फूट पुरतात, अंतर जास्त आणि कोन कमी.

धनुष्यच असेल तर दुसरी चूक टाळा. वरून खाली बाण सोडताना हात खाली नेला की ओढ कमी पडते, गालावरची जागा सरकते आणि बाण वर लागतो. आधी आडव्या रेषेत पूर्ण ओढा, मग कमरेतून वाका. घरामागच्या अंगणात जमिनीवर कितीही सराव केला तरी हे कळत नाही. हार्नेस घालून त्याच उंचीवरून पाच-दहा बाण सोडून बघा.

उजव्या हाताने ओढत असाल तर वाट तुमच्या डाव्या हाताला येईल असा स्टँड फिरवा. उजवीकडे वळायला खोड आडवं येतं.

संचालक

धागा अमेरिकेतल्या परवानाधारक शिकारीपुरता आहे. भारतात चितळ, सांबर वगैरेंची शिकार वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. तिकडच्या मचाणाचे प्रश्न प्राणी बघण्याबद्दल असतील तर वेगळा धागा काढा.

लेक_मिशिगन

कायद्याचं थोडं. खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी, आणि फांद्या छाटायच्या असतील तर तेही आधी विचारून. पुढे कधी सार्वजनिक जमिनीवर गेलात तर मिशिगनमध्ये झाडाच्या सालीत घुसणारे स्क्रू, खिळे, बोल्ट चालत नाहीत, आणि स्टँडवर तुमची ओळख स्पष्ट लिहिलेली लागते. धनुष्याचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो. १५ नोव्हेंबरला बंदुकीचा सुरू झाला की धनुष्यवाल्यालाही नारिंगी घालावं लागतं. बाकी त्या वर्षीचं नियमांचं पुस्तक बघा, ते बदलत राहतं.

छाटणी ऑगस्टमध्ये उरकून टाका. ४ फूट रुंदीच्या दोन-तीन पट्ट्या पुरे. पूर्ण मैदान केलंत तर आडोसाही गेला आणि हरणाला वाट बदललेली कळते ती वेगळीच.

पाचवी_स्टिक

ॲशचं झाड चुकूनही नको. २००२ मध्ये एमराल्ड ॲश बोरर हा ॲश पोखरणारा किडा अमेरिकेत पहिल्यांदा मिशिगनमध्येच सापडला आणि आता रानात उभी दिसणारी पुष्कळ ॲशची खोडं मेलेली आहेत. वरून धड दिसतात, आतून ठिसूळ. ओक जिवंत आहे ना, याचीही खात्री करा: माथ्याला वाळलेल्या फांद्या, बुंध्याशी अळंबी, ठोकल्यावर पोकळ आवाज, यातलं काही असेल तर सोडून द्या. बेचक्यात साल आत दबलेली, चीर पडलेली दिसली तरी तिथे वजन टाकू नका.

पॉपलर वाया जाणार नाही. फांद्या नसलेलं सरळ खोड क्लायंबरला (दोन भाग आळीपाळीने सरकवत खोडावर चढवायचा स्टँड) उत्तम, आणि क्लायंबरने उंची दर वेळी हवी तशी बदलता येते. फक्त खोड वर निमुळतं होतं, तेव्हा खाली प्लॅटफॉर्मचं टोक थोडं वर करून सुरुवात करा, नाहीतर वर पोचेपर्यंत तो पुढे झुकतो. वरचा आणि खालचा भाग दोरीने एकमेकांना बांधलेले हवेत. खालचा सुटून गेला तर माणूस वरच अडकतो.

ओक_आणि_मका

ठरलं: ओक, प्लॅटफॉर्म १७ फूट, बेचक्याच्या ३ फूट वर. पाचवी स्टिक घेऊन फटी १५ इंचांच्या आसपास ठेवतो. आधी पावडरने संध्याकाळचा वारा बघतो. हंगाम संपल्यावर स्टँड तिथेच ठेवला तर चालेल का?

गाठ_मारा

काढून आणा. ठेवायचाच असेल तर निदान पट्टे सैल करा. झाड वाढतं, रॅचेट पट्टा खोडात रुततो, ताण वाढत जातो आणि पुढच्या वर्षी तुमचं वजन पडल्यावर तुटतो. उन्हाने नायलॉन कडक होतं, खारी कुरतडतात. पट्टा दुमडून बघा: दोऱ्यांचे पांढरे केस दिसले किंवा रंग उडाला असेल तर बदला, शंभर डॉलरच्या स्टँडला दहा डॉलरच्या पट्ट्यावर टांगू नका. हार्नेसच्या लेबलवर तारीख असते, बहुतेकांची मुदत ५ वर्षं. एकदा पडून त्यावर झटका बसला असेल तर मुदत शिल्लक असली तरी तो फेकायचा, आणि फेकताना पट्टे कापून टाकायचे, म्हणजे दुसरं कोणी उचलून वापरणार नाही.