मदत हवी आहे: पोस्टमनमध्ये चालतं, ब्राउझरमध्ये नाही (अर्जंट!!)

परमल_सेव:
मंडळी, दोन दिवस झाले अडकलोय. रिअॅक्टमधून (वेबपेजचा कोड) सर्व्हरच्या एपीआयला कॉल केला की फेच फेल, तोच यूआरएल पोस्टमन या एपीआय तपासायच्या अॅपला टाकला की सगळा डेटा येतो. इथे इंदूरच्या सियागंज बाजारातला एक किराणा व्यापारी आहे, त्याला गोदामाचा स्टॉक ब्राउझरमध्ये बघायचाय, उद्या ११ ला डेमो. लवकर सांगा प्लीज.

तिरपा_कंस:
कन्सोलमध्ये लाल अक्षरात काय येतंय? सर्व्हर कशात आहे? लॉगिन आहे का? नुसतं "फेल" म्हटल्यावर आम्ही काय पत्रिका बघायची?

परमल_सेव:
कॉर्स की काय ते, दुसऱ्या ओरिजिनचा (पत्ता-पोर्टचा) डेटा ब्राउझर परवानगीशिवाय देत नाही तो नियम. सर्व्हर स्प्रिंग बूट, अजून काय असणार. रिअॅक्ट चालवणारा वीट (Vite) ५१७३ पोर्टवर, जावा ८०८० वर. कंट्रोलरवर (रिक्वेस्टला उत्तर देणारा जावा कोड) क्रॉस-ओरिजिनची परवानगी पहिल्याच दिवशी लावलीय.

एकदम_सोपं:
फेचमध्ये मोड नो-कॉर्स टाका, एरर जातो. मी नेहमी हेच करतो.

तिरपा_कंस:
एरर जातो आणि डेटाही जातो! रिस्पॉन्स ओपेक येतो, जावास्क्रिप्टला आतलं एक अक्षर वाचता येत नाही.

एकदम_सोपं:
माझं चालतं बुवा.

तिरपा_कंस:
नुसतं पाठवत असाल, वाचत नसाल.

जुना_फ्लेक्सवाला:
आमच्या वेळी फ्लेक्समध्ये (फ्लॅशवर चालणारी अॅप्स बनवायचं साधन) सर्व्हरच्या रूटला परवानग्यांची क्रॉसडोमेन डॉट एक्सएमएल फाइल ठेवली की काम झालं. सर्व्हरवरच्या ब्लेझडीएसमुळे जावाचे ऑब्जेक्ट थेट स्क्रीनवर यायचे, जेसॉनची कटकट नाही. मग ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशच बंद, आणि आता बसा हेडर मोजत.

छप्पनवाला:
काका, त्या फाइलीतही लोक स्टार (म्हणजे सगळ्यांना परवानगी) टाकूनच मोकळे व्हायचे. परमलभाऊ, डेटा मागायची ग्राफक्यूएल पद्धत घ्या, नेहमीच्या रेस्ट एपीआयचा नाद सोडा.

तिरपा_कंस:
ग्राफक्यूएलला काय कॉर्स सोडतो का? परमल, नेटवर्क टॅबमध्ये डेटा मागणाऱ्या गेट (GET) रिक्वेस्टच्या आधी ऑप्शन्स (OPTIONS) रिक्वेस्ट दिसते का, तिचा स्टेटस बघा.

परमल_सेव:
हो, ४०१, म्हणजे लॉगिन नाही म्हणून नकार. पण ती मी पाठवतच नाही! आणि लॉगिनचं टोकन तर ऑथरायझेशन हेडरमध्ये बरोबर टाकलंय.

तिरपा_कंस:
टोकन आहे हे आत्ता सांगताय! ऑप्शन्स ब्राउझर स्वतः पाठवतो, प्रीफ्लाइट म्हणतात. पोर्ट वेगळा म्हणजे ओरिजिन वेगळं, त्यात ऑथरायझेशन हेडर, म्हणून तो आधी सर्व्हरला विचारून येतो आणि त्या विचारण्यात टोकन नसतं. तुमची स्प्रिंग सिक्युरिटी त्याला दारातूनच ४०१ देऊन परत पाठवते, कंट्रोलरपर्यंत गाडी पोचतच नाही. पोस्टमन हे काही विचारत बसत नाही. सिक्युरिटीच्या फिल्टर चेनमध्ये (कंट्रोलरच्या आधीची तपासणी) कॉर्स चालू करा, ओरिजिन नेमकं ५१७३ वालं लिहा.

परमल_सेव:
झालं!!! ऑप्शन्स २०० (म्हणजे ओके), तूरडाळीची पोतीसुद्धा दिसली स्क्रीनवर. पण आता तीच गेट दोनदा जातेय, दोन्हीत टोकन आहे, हे काय नवीन?

छप्पनवाला:
रिअॅक्टचा स्ट्रिक्ट मोड असेल, डेव्हलपमेंटमध्ये इफेक्ट (पेज उघडल्यावर डेटा मागणारा कोड) मुद्दाम दोनदा चालतो, बिल्ड केल्यावर जाईल. बरं, सियागंजात खडा हिंग चांगला कुणाकडे मिळतो?

परमल_सेव:
डेमो होऊ द्या, त्यालाच विचारतो.