फुल फायबर घेतल्यावर आईच्या अलार्मचं काय?

इंग्लंडमध्ये लेस्टरला आईबाबांकडे तांब्याची लाइन जाऊन फायबर येतंय, लँडलाइन राउटरला लागणार म्हणे. आईच्या गळ्यात पेंडंट अलार्म असतो (बटण दाबलं की फोन लाइनवरून मदत बोलावणारा), लाइट गेली तर चालेल का? फार काळजी वाटतेय.

>> तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजचा करंट यायचा म्हणून साधा फोन लाइट नसतानाही चालायचा, फायबरमधून वीज येत नाही, राउटर बंद की फोन बंद. बॅटरी बॅकअप मागाच, लँडलाइनवरच अवलंबून असणाऱ्यांना 999साठी (इमर्जन्सी नंबर) किमान तासभराची सोय द्यावी असं ऑफकॉम, म्हणजे तिथली टेलिकॉम नियामक संस्था, सांगते.

>> आधी अलार्मवाल्यांशी बोला, मगच तारीख घ्या! आमच्याकडे लाइन बदलल्यावर सासूबाईंनी बटण दाबलं तर काहीच नाही, मोबाइल सिमवर चालणारा अलार्मचा बॉक्स येईपर्यंत चार रात्री मी त्यांच्याजवळ झोपले.

>> बापरे, उद्याच फोन करतो. नंबर तोच राहील ना?

>> सहसा राहतो, फक्त जुनं कनेक्शन स्वतःहून आधी तोडू नका.